पळवायची हौस, थांबवायची कंजुषी

जुन्या झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवणं हा गुन्हा आहे, असं आपला कायदा म्हणतो. एस्टीमचं इंजिन बसवून ब्रेक मात्र झेनचेच ठेवणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे, असं मी म्हणतो. कायद्याला या दोन्हींतला फरक कळत नाही, हे माझं मुख्य भांडण. दुसरं भांडण ज्यांच्याशी आहे ती पोरं हे वाचायची नाहीत, कारण ती या क्षणी कुणाच्या तरी स्पीडोमीटरच्या रीलवर बदाम टाकण्यात गुंतलेली असणार. तरी लिहितो.

गाडी साधी आहे. झेन १९९३ साली आली. ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन. कार्बोरेटरवर ५० बीएचपी, पुढे एमपीएफआय आल्यावर ६०. वजन साडेसातशे किलोच्या आसपास. वर्षभराने आलेली एस्टीम त्याच घरातली. तिचं १२९८ सीसीचं इंजिन आधी ६५ बीएचपीचं होतं, सोळा व्हॉल्व्हचं झाल्यावर ८५ चं. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच ‘जी’ मालिकेतली. त्यामुळे बरंचसं जुळतं, जे जुळत नाही ते चांगला मिस्त्री जुळवतो. बॉनेट बंद केलं की बाहेरून ओळखू येत नाही. ६० च्या जागी ८५, म्हणजे टनामागे ११० बीएचपीच्या पुढे. अशा गाडीत मी बसलो आहे. दुसऱ्या गिअरमध्ये ती जे काही करते, त्यावर टीका करायला मी हा लेख लिहीत नाही. मजा येते. भरपूर येते. ज्याला येत नाही त्याने रिक्षाने फिरावं.

आणि यात पाप ते काय? हाच उद्योग कंपन्यांनी आयुष्यभर केला. १९९० ची मारुती १००० आठवते? ९७० सीसी, ४६ बीएचपी, आणि वर एवढी लांब सेडान. चार माणसं आणि एसी म्हटल्यावर खंबाटकीत तिचा जीव जायचा. मारुतीने त्याच अंगात मोठं इंजिन बसवलं आणि नाव एस्टीम ठेवलं. जिप्सीचं तेच: आधी ९७० सीसी, मग १२९८ सीसी टाकून जिप्सी किंग. काँटेसाची तर कथाच वेगळी. अमेरिकन गाडीसारखा ऐटदार देह आणि पोटात अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं, जेमतेम ५० बीएचपीचं इंजिन. इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आल्यावर ती गाडी म्हणवून घ्यायच्या लायकीची झाली. खुद्द अ‍ॅम्बेसेडरलाही तेच इंजिन ७५ बीएचपीचं करून दिलं, आणि तिचं अंग तर पन्नासच्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचं. म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणं हा या देशाच्या वाहन उद्योगाचा कुळधर्मच आहे. कंपनीने केलं की मॉडेल, मिस्त्रीने केलं की भानगड!

फरक एवढाच, की कंपनीला ती गाडी कुणापुढे तरी उभी करावी लागते. कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिथे किंवा अशाच दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी धूर किती सोडते, किती अंतरात थांबते, हे मोजल्याशिवाय मॉडेल बाजारात येत नाही. आमच्या मिस्त्रीची गाडी कुणापुढेच उभी राहत नाही. ती थेट ताम्हिणीला जाते.

तर आता ताम्हिणी. वेग दीडपट झाला की गाडीतली ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. शाळेत शिकवलेलं आहे, मार्कही मिळालेले असतात. ही सगळी ऊर्जा थांबताना कुठे जाते? ब्रेकच्या डिस्कमध्ये, उष्णता होऊन. ६० बीएचपीची झेन दोन वळणांच्या मधल्या पट्ट्यात जेवढा वेग पकडायची, त्याच्या कितीतरी पुढे ८५ ची जाते, आणि पुढच्या वळणाला तो सगळा वेग त्याच डिस्कला, त्याच पॅडना गिळावा लागतो. दोन वळणं गिळतात. दहाव्या वळणाला वास येतो. वर ब्रेक ऑइल कधी बदललंय ते कुणालाच आठवत नसतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी मिसळलं की कमी तापमानाला उकळतं, आणि ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखं थेट खाली. दाबायला भरपूर, थांबायला काही नाही. मुळशीच्या बाजूने कोकणात उतरताना हे घडलं तर पुढचा निर्णय दरी घेते.

मारुती ८०० मध्ये मोठं इंजिन कोंबणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. १२ इंची चाकं, त्यावर १४५ चे टायर, जन्मताना ४० च्या आतबाहेर बीएचपीच्या हिशेबाने बेतलेली गाडी. तिला दुप्पट ताकद देणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही. वरातीसाठी उमदा घोडा आणला आणि लगाम घरीच राहिला, अशातला तो प्रकार.

गंमत अशी की या पोरांना खर्चाची भीती नसते. हाफ इंजिन, म्हणजे भंगारातल्या गाडीचं बाकी लटांबर काढून नुसतं ब्लॉक-हेड, बाजारातून आणतात. कार्बोरेटरवाली झेन असेल तर ईसीएम, अख्खं वायरिंग, टाकीतला पंप, पेट्रोलची परतीची लाइन, सगळं नवं करतात. फाउंडेशन बनवून घेतात, क्लच प्लेट बदलतात, एक्सल बघतात, रेडिएटर मोठा करतात. हे सगळं का होतं माहीत आहे? कारण यातलं एक जरी राहिलं तर गाडी चालूच होत नाही, किंवा तापून उभी राहते. गाडी पळायला जे लागतं ते झाडून सगळं केलं जातं. गाडी थांबायला जे लागतं ते ‘पुढच्या महिन्यात बघू’ या वहीत जातं. पुढच्या महिन्यात अलॉय व्हील येतात. त्याच्या पुढच्या महिन्यात सायलेन्सर. कॉलनीतल्या म्हाताऱ्यांची झोप उडवणारा. ब्रेकची पाळी येतच नाही, कारण मोठ्या डिस्कचा आवाज होत नाही आणि तिचा फोटोही धड निघत नाही.

मिस्त्री लोकांबद्दल मात्र जपून बोललं पाहिजे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या पेठांच्या कडेला अशी माणसं आहेत, की कागदावर एक रेघ न ओढता लेथवर फाउंडेशनची ब्रॅकेट अशी काढून देतील की ड्रॉइंग काढणाऱ्याने बघत राहावं. यातले शहाणे गिऱ्हाइकाला आधी विचारतात, “ब्रेकचं काय करणार?” उत्तर नीट आलं नाही तर काम घेत नाहीत. असे थोडे. बाकीचे ‘इंजिन टाकून मिळेल’ एवढंच म्हणतात, आणि आपल्या कामाची हद्द बॉनेटपाशी संपली असं मानतात. त्यातले काही त्याहून पुढचे: जुन्या इंजिनचा नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देतात. म्हणजे आरसी बुकाशी जुळलं, काम फत्ते. ही हौस नव्हे, हा चोरबाजार आहे. आणि हा चोरबाजार वाढवला कुणी? सांगतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पाहा. १९८८ च्या मूळ कायद्यात गाडीत बदल करायची वाट होती: आरटीओला कळवा, परवानगी घ्या. २००० साली दुरुस्ती झाली आणि असं ठरलं, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा कोणताही बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात या कलमाचा हाच कडक अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२अ हे कलम आणलं: मनाई असलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन बाद झालं तर त्याच जातीचं दुसरं बसवा, आरटीओची मंजुरी घ्या, इथवर ठीक. पण ९९३ च्या जागी १२९८? त्याच कंपनीचं, त्याच मालिकेतलं, त्याच काळातलं, कंपनीने दुसऱ्या गाडीतून रीतसर पास करून विकलेलं? नाही म्हणजे नाही.

आणि हाच कायदा सीएनजीला हसतमुखाने वाट देतो. छोट्या गाडीच्या डिकीत लोखंडी जडशीळ टाकी बसवा, मागची स्प्रिंग बसली तरी बसू दे, मान्यताप्राप्त किट आहे ना, मग आरसीवर नोंद करून घ्या. पेट्रोल इंजिन अख्खं उपटून बॅटरी आणि मोटर बसवा, त्यालाही मान्यतेचं किट आहे, नोंद आहे. माझा याला विरोध नाही. या दोन्हींनी एक गोष्ट सिद्ध केली आहे: मूळ गाडी बदलली तरी ती तपासता येते, तिला शिक्का देता येतो. यंत्रणा अस्तित्वात आहे. फक्त ताकद वाढवायची म्हटलं की तिला मूर्च्छा येते.

मग होतं काय? इंजिनं बदलायची थांबली का? कुठल्याही रविवारी सकाळी लोणावळ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर जाऊन बॉनेट उघडायला सांगा. थांबली आहे ती तपासणी. पीयूसीवाला एक्झॉस्टमध्ये नळी घालतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो. आत कुठलं इंजिन आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला जा: सहाशेची फी २०२२ पासून पाच हजार झाली, महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा, आणि तपासणी? चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, इंजिन नंबर आरसीशी जुळला, की गाडी सुदृढ. त्यासाठी इंजिनवर मूळचाच नंबर हवा, म्हणून ते ठोकाठोकीचे उद्योग. पॉलिसीवर एक इंजिन नंबर, गाडीत दुसरं इंजिन. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, आणि समोरच्या स्कूटरवाल्याच्या घरच्यांच्या नशिबी कोर्टाच्या पायऱ्या येतात. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

ब्रिटनमध्ये मालक इंजिन बदलतो, पुरावा जोडून नोंदणी खात्याला कळवतो, आणि कागदावर नवा तपशील चढतो. तिथे गाडी मुळापासून बदलली की नाही हे ठरवायला बरीच वर्षं गुणांची पद्धत होती. सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन, स्टिअरिंगला प्रत्येकी २. आणि इंजिनला १. फक्त एक! मूळ ओळख राखायला सांगाड्याचे धरून ८ पुरायचे. आणि वर दरवर्षी गाडी रोलरवर चढवून ब्रेक मोजतात. जर्मनीत टीयूव्हीचा तज्ज्ञ बघतो, नवी ताकद पेलायला ब्रेक पुरेसे आहेत का ते तपासतो, मग कागदावर नोंद होते. ऑस्ट्रेलियात गाडीच्या वजनावरून किती मोठं इंजिन चालेल याची मर्यादाच घातलेली आहे, टर्बो असेल तर ती आणखी खाली, आणि मोठ्या बदलावर मान्यताप्राप्त अभियंत्याची सही लागते. हे तीनही देश काही मवाल्यांचे नाहीत. त्यांनी एवढंच ओळखलं आहे, की हौस बंद करता येत नाही, ती उजेडात मात्र आणता येते.

“आपल्याकडे हे चालायचं नाही, सगळे पैसे चारून सही घेतील,” हा आक्षेप मला पाठ आहे. घेतील काही जण. आज बिनसहीचे फिरतातच आहेत, तेव्हा यात नुकसान कुणाचं? आणि तपासायचं ठरवलं तर साधन नाही असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने बडगा उगारल्यावर आरटीओंना व्यावसायिक वाहनांच्या ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचे ट्रॅक करावे लागले. पुण्याचा ट्रॅक सासवडच्या वाटेवर दिव्याला आहे. ट्रक तिथे पळवून थांबवून बघतात. तिथेच झेन आणा. मागणी फार नाही: इंजिन त्याच कंपनीचं असावं, ते कुठल्या गाडीतून काढलं त्याची पावती असावी, म्हणजे चोरीचा माल आपोआप उघडा पडेल, पुढचे ब्रेक आणि मास्टर सिलिंडर ज्या गाडीचं इंजिन आहे निदान त्या गाडीच्या तोडीचे असावेत. मग ऐंशीच्या वेगाने आणून लागोपाठ दहा वेळा थांबवायला लावा. पहिल्या ब्रेकला सगळ्याच गाड्या शहाण्या असतात, दहाव्याला पेडल कुठवर जातं ते बघा. नापास झाली तर तिथेच जप्त करा, मी टाळ्या वाजवीन. पास झाली तर आरसीवर नवा इंजिन नंबर आणि नवा सीसी लिहा.

फी म्हणाल तर आजच्या दंडाइतकीच ठेवा, पाच हजार. फक्त पावती द्या.