परत मागविली, परत आली काय?

लहान मूल हाती आलेली वस्तू प्रथम तोंडात घालते. हे प्रत्येक आईला ठाऊक असते. खेळण्यांच्या कारखानदारांस मात्र ते पुनःपुन्हा शिकवावे लागते. २००७ च्या ऑगस्टमध्ये मॅटेल ह्या अमेरिकन कंपनीने शिसेयुक्त रंगाची सुमारे १५ लक्ष खेळणी परत मागविली, आणि पंधरवड्याच्या आत लहान पण प्रबळ लोहचुंबकांची सुमारे १ कोटी ८२ लक्ष. असे दोन चुंबक पोटात गेले म्हणजे आतड्याचे पदर मध्ये धरून ते एकमेकांस चिकटतात व आतड्यास भोक पाडतात.

त्या वेळी सारा दोष चीनच्या माथी मारण्यात आला. परंतु सप्टेंबरात कंपनीच्या अधिकाऱ्यासच बीजिंगमध्ये कबूल करावे लागले, की परत मागविलेल्या बहुतांश मालातील दोष कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यातील होता. कसोटी देशाची नव्हे, मालाची हवी, हा त्यातील धडा होय. २००९ च्या जानेवारीत चिनी खेळण्यांवर सरसकट बंदी घालणाऱ्या आपल्या सरकारलाही मार्चमध्ये प्रमाणपत्राच्या मार्गाकडे वळावे लागले. १ जानेवारी २०२१ पासून, कारागिरांना दिलेली सवलत वगळता, १४ वर्षांखालील मुलांच्या देशी व परदेशी खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले, हे उचितच झाले.

तथापि चिन्ह हा दारावरचा पहारेकरी. त्याची नजर चुकवून जे घरात शिरले, त्याचे काय? जानेवारी २०२३ मध्ये मोठमोठ्या दुकानांतून चिन्हाविना असलेली सुमारे १८,६०० खेळणी जप्त केल्याचे सरकारने जाहीर केले. ही जप्ती दुकानातील मालाची. त्याच दुकानांतून आदल्या आठवड्यात विकली गेलेली खेळणी कोणत्या मुलाच्या हातात आहेत, हे कोण सांगणार?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या २० व्या कलमान्वये केंद्रीय प्राधिकरणास धोकादायक माल परत मागविण्याचा आणि ग्राहकांस पैसे परत देवविण्याचा अधिकार आहे. परंतु हुकूम निघणे निराळे आणि तो घरोघर पोहोचणे निराळे. अमेरिकेत २०१९ साली तान्ह्या मुलांना निजविण्याचे सुमारे ४७ लक्ष कलते पाळणे परत मागविण्यात आले. २०२३ मध्ये तीच सूचना पुन्हा काढताना तेथील आयोगास सांगावे लागले, की पहिल्या सूचनेनंतरही त्या पाळण्यांत निदान ८ बालके दगावली. जागरूक म्हणविणाऱ्या देशाची ही कथा! येथे तर खेळण्याची पावती मागणे कमीपणाचे वाटते, आणि थोरल्याचे खेळणे धाकट्याकडे, तेथून शेजारी जाते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. उत्पादन क्रमांक वेष्टनावर नव्हे, खेळण्यावरच कोरलेला असावा. वेष्टन पहिल्याच दिवशी केरात जाते. परत मागविण्याची सूचना मराठीत, उत्पादकाच्या खर्चाने, वृत्तपत्रांत, दुकानांत, बालवाड्यांत व दवाखान्यांत लागावी. आणि किती खेळणी विकली गेली व किती परत आली, हे दोन्ही आकडे सरकारने प्रसिद्ध करावेत. आमच्या वाचकांनीही पावती मागण्याचा संकोच सोडावा.

परत मागविण्याचे यश हुकुमांच्या संख्येवरून मोजावयाचे नसते. मुलाच्या हातातून धोक्याची वस्तू प्रत्यक्ष सुटली की नाही, एवढाच प्रश्न असतो. आणि त्याचे उत्तर देण्यास सरकार बांधलेले आहे.