दोन दाखले

‘ढ’. शाळेनं आमच्या वस्तीतल्या पोराला दिलेलं हे अक्षर. मास्तर ते फळ्यावर काढत नाही, थेट पोराच्या कपाळावर काढतो. ते पुसता पुसता पोरगं कसंबसं बारावी होतं, कॉलेजात जातं आणि पहिल्याच वर्षी चार केट्या घेऊन खाली बसतं. प्राध्यापक म्हणतो, मराठी मीडियम. बाकावरची पोरं म्हणतात, कोट्यातला. बाप म्हणतो, चल कामावर. तिघांचा हिशेब मिटतो. पोराचा मिटत नाही.

मित्रांनो, हे संपादकीय त्या पोरासाठी आहे.

काही माणसांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. अक्षर डोळ्याला दिसतं, पण अक्षराची आवाजाशी गाठ सावकाश बसते, तो डिस्लेक्सिया. उत्तर डोक्यात तयार असतं पण हातातून कागदावर उतरत नाही, तो डिसग्राफिया. ध्यान एका जागी टिकत नाही, तारखा आणि वेळ निसटतात, ते एडीएचडी. गर्दीचा गोंगाट अंगावर येतो, माणसांच्या आडून बोलण्याचा अर्थ लागत नाही, ती स्वमग्नता. या सगळ्यांना मिळून आता न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. शब्द नवा आहे, माल जुना आहे. अशी माणसं प्रत्येक चाळीत होती, प्रत्येक झोपडपट्टीत आहेत. डिस्लेक्सिया झाला म्हणून अक्कल कमी होत नाही, हे डॉक्टर कधीचे सांगताहेत.

पण नाव कुणाला मिळतं? २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला, अख्खा देश रडला. त्यानंतर बंगल्यातल्या पोराला अक्षर उलटं दिसलं की आई त्याला मानसतज्ज्ञाकडे नेते. फी भरते, कागद आणते, शाळेच्या टेबलावर ठेवते. तेच आमच्या पोराचं झालं की कारण शोधायला कुणी लांब जात नाही. पांढरपेशाच्या घरात तो डिस्लेक्सिया असतो, आमच्या घरात ती जात असते. आमच्यातल्या एकाला वाचता आलं नाही की सगळ्यांच्या अकलेचा पंचनामा होतो. म्हणून हा प्रश्न नुसता डॉक्टरांचा नाही, आपला आहे.

बंदरावर आमच्या टोळीत एक गडी आहे. एफवायला दोनदा बसला, सुटला नाही. कंटेनरवरचा नंबर वाचताना ६ चा ९ करतो, म्हणून मुकादम त्याला टॅलीच्या कागदाजवळ फिरकू देत नाही. पण कुठला डबा कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, कुठल्या पाळीत आला, हे तो न बघता सांगतो. कागद हरवला की हाच मुकादम त्याला हाक मारतो. हजेरी मात्र बिगाऱ्याची. त्याला कुणी कधी तपासलं नाही, म्हणून त्याला काय आहे ते मी सांगणार नाही. एवढंच विचारतो, की त्या कॉलेजात कुणी एकदा त्याला तोंडी प्रश्न विचारला असता तर?

कायदा आहे, दोस्तहो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्यात स्वमग्नता नव्हती, अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले आणि ही दोन्ही आली. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व दाखल्यावर लागलं, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव. सरकारी नोकरीत ४ टक्के. त्यातला १ टक्का स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. एडीएचडीचं नाव त्या २१ मध्ये नाहीच. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. लिहिता येत नसेल तर लेखनिक.

कोर्टानंही सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, लेखनिकाचा हक्क ४० टक्क्यांच्या दाखल्याला बांधलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिसग्राफिया असलेल्या एका मुलीचा खटला आला. ‘नीट’च्या केंद्रावर तिला जादा तास दिलाच नव्हता. कोर्ट म्हणालं, अन्याय झाला. परीक्षा घेणाऱ्यांना उपाय काढायला सांगितलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. हक्क खरा ठरला, तास गेला तो गेला. म्हणून हक्क पेपराच्या आधी मागायचा असतो, नंतर नाही.

आणि २०२० चा निकाल पाठ करून ठेवा. चंदीगडच्या कला महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या एका बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, अपंग माणसंही सामाजिकदृष्ट्या मागासच आहेत. अनुसूचित जाती-जमातीला गुणांची जी सवलत, ती त्यांनाही. आपण लढून मिळवलेल्या वाटेवरून दुसरी माणसं चालली. आनंदच आहे. पण ज्याच्याकडे जातही आहे आणि ही अक्षमताही आहे, तो आपला पोरगा त्या वाटेवर का दिसत नाही?

कारण दाखला. मुंबईत सायन, केईएम, नायर या हॉस्पिटलांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. एका फेरीत काम होत नाही. दर फेरीला आईची एक खाडी बुडते. आणि तपासायचं कुठल्या भाषेत? २०१५ साली राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची चाचणी काढली. ती हिंदी, कन्नड, इंग्रजीसोबत मराठीतही आहे. चांगलं झालं. पण ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. मराठी शाळेतून आलेला, कॉलेजात इंग्रजीच्या भिंतीवर डोकं आपटणारा अठरा वर्षांचा पोरगा तिच्यात बसत नाही. त्याची अडचण भाषेची की डिस्लेक्सियाची, हे सोडवायला कुणाला वेळ नाही.

दुसरं कारण घरातलं. एक माउली मला म्हणाली, “दादा, जातीचा दाखला काढताना चपला झिजल्या. आता हा येडेपणाचा दाखला कशाला? पोरीचं लग्न व्हायचंय.” तिला मी हसलो नाही. शिक्का म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सरकारनंही शब्द गोड केला, अपंगाचा दिव्यांग केला. आम्हाला एकदा ‘हरिजन’ करून झालंय, देवाचं नाव लावून पोट भरत नाही हे आम्हाला कळतं. पण माउली, जातीचा दाखला तुझ्या पोरीनं जातीत कमीपणा आहे म्हणून काढला नाही, कॉलेजचं दार उघडावं म्हणून काढला. हाही तसाच. हा दाखला पोरीनं बदलावं असं म्हणत नाही. पेपरानं बदलावं म्हणतो.

नोकरीचंही तेच. मोठी सॉफ्टवेअर कंपनी ‘सॅप’नं २०१३ मध्ये स्वमग्न माणसांना कामावर घ्यायची योजना काढली, सुरुवात भारतातही झाली. म्हणजे जमतं. मुलाखतीत डोळ्याला डोळा भिडवण्याऐवजी काम देऊन बघायचं. सूचना तोंडी न फेकता कागदावर द्यायची. एका वेळी एक काम, गोंगाटापासून लांब जागा. यात कुणाचं दिवाळं निघत नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. पण ही सोय वातानुकूलित कचेरीपुरती का? गोदीवर, गोदामात, कुरियरच्या गाडीवर का नाही?

आता आपल्याकडे बघू. १४ एप्रिलला वस्तीत गुणगौरव होतो. नव्वद टक्केवाल्यांच्या गळ्यात हार पडतात, पुढारी फोटो काढतात. केटी लागलेला पोरगा मागे खुर्च्या मांडत असतो. पुढाऱ्यांनो, हार घाला, पण त्या खुर्च्या मांडणाऱ्याचं नावही एका वहीत लिहा.

कामं साधी आहेत. विहाराच्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन रात्री पुस्तक मोठ्यानं वाचा. मोबाइल मराठी मजकूर वाचून दाखवतो, तो वापरायला शिकवा. तासाचं रेकॉर्डिंग करू द्या म्हणून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सबमिशनचे तुकडे पाडून प्रत्येकाला तारीख लावून द्या. हॉस्पिटलात आईसोबत एकानं जा. आणि लेखनिक व्हा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या शिक्षणाचा लागतो. म्हणजे मॅट्रिक, बारावीवाल्यांनाही इथं काम आहे.

आपण कविता लिहितो. तीन तास दुसऱ्याचं उत्तर त्याच्याच शब्दात, आपला एकही शब्द न घालता लिहून बघा. पुढचा अंक निघेपर्यंत प्रत्येक वस्तीतून पाच लेखनिकांची नावं आमच्याकडे आली पाहिजेत.