पहाटेची शर्यत, उतरतीचे वय

राहूच्या चौकात रविवारी पहाटे आम्ही आठ-नऊ जण सायकली घेऊन जमतो. दोघे ऊस बागायतदार, एक किराणा दुकानदार, वीज मंडळाचा एक तंत्रज्ञ, महाविद्यालयात जाणारे तीन मुलगे, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आणि चोपन्न वर्षांचा हा तुमचा डॉक्टर. दहा किलोमीटर जायचे आणि दहा किलोमीटर परत यायचे. एकामागून एक, मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटायचे आणि आपापली वेळ वहीत लिहायची. जाणकार या प्रकाराला ‘टाइम ट्रायल’ म्हणतात. बक्षीस काही नाही. ज्याची वेळ मागच्या आठवड्यापेक्षा सर्वांत जास्त घसरली, त्याने चहा पाजायचा.

पहिल्या रविवारी मला वीस किलोमीटरला अठ्ठावन्न मिनिटे लागली होती आणि घरी येऊन मी दुपारपर्यंत झोपलो होतो. वर्षभरात ती वेळ चव्वेचाळीस मिनिटांवर आली. मग एक साधा ताप आला आणि पुढचे तीन आठवडे मी एक्कावन्न मिनिटांच्या आत येऊ शकलो नाही. कधी नदीकडून येणारा वारा तोंडावर घेतला, कधी उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो, एकदा तर शेवटच्या किलोमीटरला चेन उतरली. आदल्या रात्री लग्नाच्या पंगतीत बसलो असेन, तर सकाळी पायडल ते बरोबर सांगते. हा चढउतार अनुभवल्यापासून दवाखान्यातील एक गोष्ट मला अधिक नीट समजावता येऊ लागली. रक्तदाब एका दिवशी वाढलेला दिसला म्हणजे अनर्थ झाला असे नव्हे आणि एका दिवशी उत्तम आला म्हणजे गोळी बंद करावी असेही नव्हे. वही ठेवावी आणि महिन्याचा कल पाहावा.

सायकल शर्यतीचे वेड आपल्याकडे नवे नाही. मी पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा पुणे हे सायकलींचेच शहर होते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची चर्चा वसतिगृहात रंगत असे. खोपोलीहून बोरघाट चढताना जो सर्वांत पुढे राहील, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आणि शर्यतीच्या विजेत्याइतकाच त्याचा मान असे. पुढे आमच्याच व्यवसायातील मंडळींनी या वेडाची मर्यादा फार दूर नेली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली.

परंतु आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण फ्रान्सचे आहे. रॉबेर मार्शां हे गृहस्थ १९११ साली जन्मले. तरुणपणी सुटलेली सायकल त्यांनी साठी ओलांडल्यावर पुन्हा हाती घेतली. वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांनी एका तासात २४ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले आणि दोन वर्षांनी तेवढ्याच वेळात २६.९ किलोमीटर. मधल्या काळात त्यांची तपासणी करणाऱ्या संशोधकांना आढळले, की शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे तेरा टक्क्यांनी वाढली होती. शंभरीनंतर! या काळात ते वर्षाला पाच हजार किलोमीटर सायकल चालवत. मात्र त्यांतील ऐंशी टक्के सराव हलका असे आणि फक्त वीस टक्के दमवणारा. एका असामान्य माणसावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, पण हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथील संशोधकांनी ५५ ते ७९ वयोगटातील १२५ हौशी सायकलस्वारांचा अभ्यास केला. पुरुषांना साडेसहा तासांच्या आत शंभर किलोमीटर जाता यावे, अशी निवडीची अट होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मंडळींचे स्नायू वयाच्या मानाने उत्तम टिकलेले होते आणि रोगप्रतिकारासाठी लागणाऱ्या काही पेशी त्यांच्या शरीरात तरुणांच्या बरोबरीने तयार होत होत्या.

हा अभ्यास मी आमच्या गुरुजींना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला होता. गुरुजी सहासष्ट वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पुढच्याच रविवारी जुनी काळी सायकल पुसून चौकात आणली. मी त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. त्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना, उच्च रक्तदाब असणाऱ्यांना आणि इतर आजार असणाऱ्यांना घेतलेच नव्हते. म्हणजे ते निष्कर्ष निरोगी माणसांचे होते आणि गुरुजी त्यांत बसत नव्हते. शर्यतीत उतरण्यापूर्वी त्यांच्या हृदयाची तपासणी करून घ्यायला हवी होती. मी केवळ साखर पाहिली, ती ठीक होती आणि ‘चला’ म्हणालो.

डिसेंबरमधला एक रविवार. नदीकाठी धुके, हवेत गुऱ्हाळाचा गोडसर धूर, हातमोज्यांतही बोटे बधिर व्हावीत अशी थंडी. परतीच्या वाटेवर मला गुरुजी कडेला थांबलेले दिसले. एक पाय जमिनीवर टेकवून ते उपरण्याने कपाळ पुसत होते. ‘‘गुरुजी, ठीक ना?’’ मी ओरडून विचारले. त्यांनी हात वर केला. मी ब्रेक लावला नाही. त्या दिवशी माझी वेळ त्रेचाळीस मिनिटांत येणार अशी चिन्हे होती आणि ती तशी आलीही. गुरुजी बऱ्याच उशिरा पोचले. ‘‘पित्त झालंय,’’ म्हणाले, अर्धा कप चहा घेतला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचे दार उघडण्यापूर्वीच त्यांची सून पायरीवर उभी होती. ‘‘डॉक्टर, अण्णा रात्रभर झोपले नाहीत. बसूनच होते. छातीत दुखत नाही म्हणतात, पण मला त्यांचा चेहरा बरा दिसत नाही.’’ कार्डिओग्रामने तिचे म्हणणे खरे ठरवले. पहिली औषधे दिली, १०८ ला फोन केला आणि रुग्णवाहिकेतून त्यांना पुण्याला हलवले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट बसला आणि गुरुजी वाचले.

मधुमेह जुना असेल, तर हृदयविकारात छातीत ठसठशीत वेदना होईलच असे नाही, हे मी अनेकांना सांगत आलो आहे. थंडीत सुटलेला घाम, अचानक आलेला थकवा, ‘पित्त’ वाटणारी मळमळ, जबड्यात किंवा हातात जाणवणारी ओढ, एवढ्यावरच निभावते. डिसेंबरच्या पहाटे कपाळ पुसणारा मधुमेही माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी घड्याळ पाहत होतो. सुनेने न शिकता जे ओळखले, ते मी शिकूनही पाहिले नाही. हे या सदरात लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

गुरुजी घरी आले आणि दुसरा प्रश्न उभा राहिला. रांजणगावच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाने सायकलीला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही. ज्याने वडिलांना रुग्णवाहिकेत चढवले आहे, त्याची भीती खरी असते. पण गुरुजी ओट्यावर बसून राहू लागले, वर्तमानपत्रही उघडीनात. महिनाभराने त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, ‘‘हे वाचले खरे डॉक्टर, पण घरी आल्यासारखे वाटत नाहीत.’’ हृदयविकारानंतर येणारी उदासी पुष्कळ रुग्णांत आढळते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर औषधे वेळेवर घेण्याचीही इच्छा मावळते. योग्य प्रमाणातील व्यायाम हा हृदयविकारानंतरच्या उपचारांचाच भाग असतो, हे मी मुलाला समजावले. मात्र ते प्रमाण मी ठरवणार नव्हतो. हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी अंगणात चालणे, मग घरातल्या स्थिर सायकलीवर दहा मिनिटे, नंतर ट्रेडमिलवरील चाचणी अशा पायऱ्या ठरल्या. सहा महिन्यांनी मुलाने किल्ली आणून वडिलांच्या हातात दिली. अट एकच होती, की बरोबर कोणीतरी असेल आणि घड्याळ नसेल.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी एखादी सायकल कोपऱ्यात उभी असेल. ती बाहेर काढण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात.

साठीनंतर, किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असेल तर कोणत्याही वयात, दमवणारा व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी तुलनेने अधिक येतात. उठल्यावर रक्तदाब वाढतो आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून अंथरुणातून थेट सायकलीवर बसू नये. पाणी प्यावे, थोडे चालावे आणि पहिली दहा मिनिटे सायकल अगदी सावकाश चालवावी. शेवटीही एकदम थांबू नये. पायांत साठलेले रक्त वर यायला वेळ लागतो आणि भोवळ येऊ शकते.

जोर किती लावावा, याचे माप सोपे आहे. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. नाडीच्या आकड्यांवर सर्वांनाच विसंबता येत नाही, कारण रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम मंद ठेवतात. त्याच गोळ्यांमुळे साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथरही झाकली जाते; घाम तेवढा सुटतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. आपल्या राहू बेटात गुळाचा खडा मिळणे अवघड नाही, पण तो खिशात असला पाहिजे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर पडल्यावर डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवावा. हेल्मेट सर्वांनाच हवे.

सायकलीने हृदय आणि मांड्या बळकट होतात. हाडांना मात्र तेवढा फायदा होत नाही, कारण शरीराचा भार सायकल उचलते. त्यासाठी चालणे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे हे व्यायाम जोडावेत. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि त्यासोबत तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत. ज्यांना रस्त्यावर जाणे शक्य नाही, त्यांनी घरातील स्थिर सायकलीवर पाच मिनिटांपासून आरंभ करावा.

आपल्या भागापुरते आणखी दोन शब्द. गळीत हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि रस्त्यावर सांडलेले ऊस अंधारात दिसत नाहीत; शिवाय उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर वाढला आहे. आम्ही पूर्वी साडेपाचला निघत असू. आता पुरते उजाडल्याशिवाय निघत नाही.

वृद्धांची देखभाल करणाऱ्या मुलासुनांना एक विनंती आहे. ‘दमलात का?’ असे विचारले, तर आपल्याकडची वडीलधारी माणसे ‘नाही’ असेच उत्तर देतात. हात वर केला म्हणजे सारे ठीक असे समजू नये. जवळ जावे, चेहरा पाहावा, कपाळाला हात लावावा. शंका आली, तर ‘पित्त असेल’ म्हणून रात्र काढू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

गुरुजी आता दर रविवारी चौकात येतात. आमच्या वेळा लिहिण्याची वही त्यांच्याकडे असते. आम्ही परतलो, की ते तंत्रज्ञाला सोबत घेऊन तीन-चार किलोमीटर रमतगमत फिरून येतात. वहीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक नवा रकाना आखला आहे: ‘प्रकृती’. वेळ सांगितल्यावर ते चष्म्यावरून पाहत विचारतात, ‘‘बरं वाटतंय ना?’’ आणि उत्तर ऐकण्यापूर्वी चेहरा नीट निरखतात. गेल्या रविवारी माझी वेळ सत्तेचाळीस मिनिटे होती. चहा मीच पाजला.

पुढील अंकात गुडघेदुखी आणि जिना यांविषयी.