पुन्हा तेच गा!

एखादा जुना बँड ‘गाजलेली गाणी’ घेऊन दौऱ्यावर निघाला की जाणकार मंडळी नाक मुरडतात. नवं काही सुचेनासं झालं, आता जुन्या पुण्याईवर दिवस काढतायत, असा एकूण सूर असतो. मला हे कधीच पटलं नाही. न पटण्याचं मुख्य कारण म्हणजे जमैकाचा टूट्स अँड द मेयटल्स हा बँड.

या बँडचा गळा म्हणजे फ्रेडरिक ‘टूट्स’ हिबर्ट. जन्म १९४२ सालचा, मे पेन गावातला. आईवडील चर्चमध्ये प्रवचनं करणारे, त्यामुळे गाणं कानावर पडलं ते प्रार्थनेतलं. लहानपणीच पोरका झाला आणि किंग्स्टनमधल्या ट्रेंचटाउन वस्तीत भावाकडे राहायला आला. तिथं एका सलूनमध्ये केस कापता कापता गायचा. रॅले गॉर्डन आणि जेरी मथायस हे दोघे साथीला मिळाले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला मेयटल्स उभे राहिले. १९६८ साली त्यांच्या एका रेकॉर्डच्या नावात ‘रेगे’ हा शब्द आला आणि पुढे त्या संगीतप्रकारालाच ते नाव चिकटलं. ताल रेगेचा असला तरी आवाजाची जातकुळी मात्र अमेरिकी सोल संगीताची. टूट्सची तुलना नेहमी सोल गायक ओटिस रेडिंगशी व्हायची. १९८८ साली त्यानं थेट अमेरिकेतलं मेम्फिस गाठून तिथल्या सोल गाण्यांचा अख्खा अल्बम केला, तेव्हा ही तुलना उगाच नव्हती हे कळलं.

त्याचं एक गाजलेलं गाणं तुरुंगावरचं आहे. १९६६ साली जमैकाच्या राष्ट्रीय गीतस्पर्धेत मेयटल्सच्या ‘बॅम बॅम’नं पहिला नंबर पटकावला आणि त्याच सुमारास गांजाच्या आरोपावरून टूट्स आत गेला. आपल्याला यात गोवलं गेलं, असं तो पुढे सांगत असे. सुटून आल्यावर त्यानं कैद्याच्या नंबराचंच गाणं केलं, ‘५४-४६’. हे गाणं लागलं की लोक नाचायला लागतात. अन्यायाच्या गोष्टीवर ठेका धरणारा तो घोळका बघून सुरुवातीला जरा विचित्रच वाटतं.

पण मैफिलीतलं ‘५४-४६’ ऐका. गाणं रंगात आलं की टूट्स बँडला मध्येच थांबवतो आणि आकडा पुकारतो. जेवढा आकडा, तेवढेच ठोके ड्रम, बास आणि गिटार मिळून देतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. आकडा वाढतो तसा प्रेक्षकांचा आवाजही वाढतो. पॉल डग्लसचे ड्रम आणि जॅकी जॅक्सनचा बास यांनी वर्षानुवर्षं हा खेळ सांभाळला. रेकॉर्डवर हा प्रकार झटक्यात उरकतो. स्टेजवर तो किती लांबवायचा, हे त्या रात्रीच्या गर्दीवर ठरतं. गायकानं हाक द्यायची आणि समोरच्यांनी ओ द्यायची, ही चर्चमधली रीत टूट्सनं जशीच्या तशी स्टेजवर आणली.

माझ्या मते सारी गोम इथंच आहे. टूट्सची गाणी घट्ट विणलेली नाहीत, त्यांत मुद्दाम सोडलेली पोकळी आहे. ती रोज नव्यानं भरावी लागते. संगीत नाटकांच्या रसिकाला हे वेगळं सांगायला नको. पद तेच, चाल तीच, पण आज बुवा कोणती जागा घेतात यासाठी तो पुन्हा तिकीट काढायचा. सप्टेंबर १९८० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले सभागृहात मेयटल्सचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्याचं ध्वनिमुद्रण २४ तासांच्या आत रेकॉर्ड बनून विक्रीला आलं. गाणी बहुतेक जुनीच होती. तरी त्या रात्रीची म्हणून ती लोकांना ताजीताजी हवी होती.

यात व्यवहारही आहे, आणि तो मान्य करायला लाजायचं कारण नाही. साठच्या दशकातल्या जमैकात गायकाच्या हातावर रेकॉर्डिंगचे ठोक पैसे ठेवले जायचे. विक्रीतला वाटा क्वचितच मिळायचा. टूट्सचं ‘प्रेशर ड्रॉप’ हे गाणं जगभर गेलं, इंग्लंडच्या द क्लॅश या बँडनंही ते गायलं. पण गायकाचं घर चालतं ते गाडीत सामान भरून गावोगावी गायल्यावर. त्या दौऱ्याला ‘जुन्या पुण्याईवर जगणं’ म्हणायचं, तर ती पुण्याईही त्यानं रोज घाम गाळून कमावलेली होती.

या दौऱ्यांची किंमतही त्यानं मोजली. २०१३ साली अमेरिकेत रिचमंड शहरातल्या एका महोत्सवात गर्दीतून व्होडकाची भलीमोठी बाटली आली आणि टूट्सच्या डोक्यावर आदळली. गर्दीसमोर उभं राहायचीच भीती बसली. जवळजवळ तीन वर्षं तो स्टेजपासून लांब राहिला. बाटली फेकणारा मुलगा १९ वर्षांचा. टूट्सनं न्यायाधीशांना पत्र लिहिलं, की या पोराला तुरुंगात धाडू नका, तिथं कोवळ्या मुलांचं काय होतं ते मी ऐकून आहे, त्यानं माझं दुःख वाढेलच. मुलाला सहा महिन्यांची शिक्षा झालीच. पण ते पत्र वाचल्यावर ‘५४-४६’ निव्वळ नाचाचं गाणं राहत नाही. कैद्याचा नंबर हसत हसत पुकारणारा हा माणूस तुरुंग विसरला नव्हता.

२०१६ साली तो स्टेजवर परतला आणि पुन्हा तीच गाणी गाऊ लागला. नवं सुचत नव्हतं म्हणावं, तर ऑगस्ट २०२० मध्ये ‘गॉट टू बी टफ’ हा कोरा अल्बम आला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, किंग्स्टनमध्ये ७७व्या वर्षी टूट्स गेला. पुढच्या वर्षी त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्याआधीचं ग्रॅमी होतं २००४च्या ‘ट्रू लव्ह’ या अल्बमला, आणि त्यात एरिक क्लॅप्टन, विली नेल्सन, बॉनी रेट यांना सोबत घेऊन त्यानं प्रामुख्यानं आपली जुनी गाणीच पुन्हा गायली होती. म्हणजे एक बक्षीस जुन्याला आणि एक नव्याला. दोन्हींत भांडण आहे ते फक्त आपल्या डोक्यात.

म्हणून जुन्या बँडच्या दौऱ्याबाबत माझी कसोटी सोपी आहे. गाण्यांची यादी पन्नास वर्षांपूर्वीची असली तरी चालेल. पण गाणं रेकॉर्डसारखं हुबेहूब वाजलं, तर तिकिटाचे पैसे वाया गेले.