फोटो मोबाइलात, रोग मात्र रानात



ऐन पावसाळ्यात एका गावी गेलो होतो. एक तरुण शेतकरी मोबाइल पुढे करून म्हणाला, "साहेब, सोयाबीन पिवळं पडलंय. पानाचा फोटो काढून शोधलं, तर पिवळा मोझॅक निघाला. औषधाच्या नावाचा स्क्रीनशॉट पण ठेवलाय. आज दुपारी फवारणार."

मी म्हटले, "फवार की. पण आधी रान दाखव."

रानात पाहिले, तर फक्त शेंड्याची कोवळी पाने पिवळी. शिरा मात्र हिरव्या. जमीन चुनखडीची आणि पाणी साचलेले. ही लोहाची कमतरता. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे पडतात आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. इथे कीटकनाशकाचे कामच नव्हते. चर काढून पाणी बाहेर काढायचे आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून फवारायचे, एवढाच उपाय.

मग मोबाइल खोटे बोलला का? नाही. चित्रावरून शोध घेण्याची सोय २००८ साली 'टिनआय'ने आणि २०११ साली गूगलने लोकांना दिली. अशा शोधात यंत्र रंग, आकार, रेषा यांचे आकडे करते आणि साठ्यातल्या चित्रांशी ताडून पाहते. 'असे दिसणारे चित्र' ते दाखवते. 'असे का झाले' हे त्याला कुठून कळणार? त्याने ना माती पाहिली, ना साचलेले पाणी.

आता स्क्रीनशॉट. तो म्हणजे त्या घडीच्या पानाचा फोटो. मूळ पान पुढे दुरुस्त होते, स्क्रीनशॉट जसाच्या तसा राहतो. या मुलाच्या स्क्रीनशॉटमध्ये ट्रायझोफॉसचे नाव होते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने या औषधाचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे!

म्हणून एवढे करा :

१) एका पानाचा फोटो पुरत नाही. पूर्ण झाड, वरचे पान, खालचे पान, पानाची मागची बाजू आणि मुळे, असे वेगवेगळे फोटो घ्या.

२) स्क्रीनशॉट घेताना पानाचा वरचा पत्ता आणि तारीख त्यात येऊ द्या. सल्ला कुणाचा, हे कळत नसेल तर तो पुढे पाठवू नका.

३) औषध घेण्याआधी डब्यावरच्या लेबलात आपले पीक आहे का, ते वाचा. शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्राला किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरला विचारा.

त्या मुलाचा फवारणीचा खर्च वाचला. निघताना तो म्हणाला, "साहेब, मोबाइल बंदच करू का?"

म्हटले, "नको रे. बैल चांगला आहे, पण कासरा तुझ्या हातात असू दे."