हरणाऱ्यांचा वस्ताद

हरणाऱ्या मुष्टियोद्ध्यांचा ताफा बाळगणारा मॅनेजर म्हणजे माणसांचा दलाल, असे सर्रास बोलले जाते. त्याच्यावर तीन आरोप होतात. तो कच्च्या पोरांना मार खायला उभे करतो, निकाल आधीच ठरलेले असतात आणि दुसऱ्याच्या हाडामांसावर तो आपली पोळी भाजून घेतो. आरोप गंभीर आहेत, तेव्हा उत्तरही नावानिशी द्यायला हवे.

बर्मिंगहॅमचे नॉबी नॉब्स यांनी आपल्या ताफ्याला ‘लूझर्स अनलिमिटेड’ असेच नाव दिले होते. त्यातला सर्वांत नावाजलेला गडी पीटर बक्ली. 1989 ते 2008 या काळात तो 300 लढती लढला. त्यांत 32 विजय, 256 पराभव आणि 12 बरोबरी. पुढे विश्वविजेता झालेल्या नसीम हमीदशी तो दोनदा भिडला, विश्वविजेता ड्यूक मॅकेन्झीशीही लढला. एवढे होऊनही त्याची लढत मुदतीआधी थांबली ती अवघी 10 वेळा. कच्च्या पोराच्या हातून हे घडत नाही.

हे घडते ते कसबाने. हात गालांशी, हनुवटी छातीकडे. ठोसा आला की खांदा वळवून त्याचा जोर वाया घालवायचा, प्रतिस्पर्धी अंगाशी आला की त्याचे हात कवेत अडकवायचे. ब्रिटनमध्ये लढत थांबवली गेली, तर योद्ध्याला किमान 28 दिवस रिंगणात उतरता येत नाही. जो दर आठवड्याला कमावतो, त्याचा महिना त्यात बुडतो. म्हणून शेवटच्या घंटेपर्यंत पायांवर उभे राहणे हीच त्याची विद्या.

निकाल ठरलेले असतात का? छोट्या सभागृहांतला हिशेब पाहिला की उलगडा होतो. उगवता खेळाडू आपल्या ओळखीपाळखीच्यांना तिकिटे विकतो. समोरच्या कोपऱ्यातला पाहुणा ठरलेले मानधन घेतो. लढत बहुधा चार-सहा फेऱ्यांची, गुण देणारा एकटा पंच आणि प्रेक्षक सगळे यजमानाचे. त्यातून कधी कधी कुणीतरी आयत्या वेळी आजारी पडते, मग फोन येतो आणि त्याच रात्री उभे राहावे लागते. पारडे एकीकडे झुकलेले असते हे खरे, पण त्याला सौदा म्हणता येत नाही. 31 ऑक्टोबर 2008 रोजी बक्लीने आपली 300वी आणि शेवटची लढत मतीन मोहम्मदविरुद्ध गुणांवर जिंकली. त्याआधी तो सलग 88 लढती हरला होता.

तिसरा आरोप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. न्यू जर्सीचे डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच डोक्यावरच्या माराने मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणारा परिणाम मांडला. तेव्हा मॅनेजर पारखायचा तो त्याच्या नकारावरून. कोणती लढत त्याने परत पाठवली, कोणत्या फेरीत टॉवेल टाकला आणि कोणाला ‘आता पुरे’ म्हणून घरी बसवले, हे पाहायचे.

मराठी मुलखाला हरणारा गडी आणि त्याला सांभाळणारा वस्ताद हे नाते परके नाही. तालमीतले सगळेच पैलवान हिंदकेसरी होत नाहीत. उरलेले जत्रांच्या हंगामात गावोगाव फिरतात, इनामाच्या पैशांतून खुराक भागवतात. चांगला वस्ताद जोड लावताना दोघांना समोरासमोर उभे करतो, मान, दंड, मांड्या नजरेने तोलतो आणि जोड विजोड वाटली तर इनाम कितीही मोठे असो, आपला गडी मागे घेतो. असे वस्ताद नसते तर पहिल्या नंबरच्या पैलवानाला घडताना अंगाला अंग लावायला जोडीदारच मिळाला नसता. चितपट होणारा गडीही मैदान उभे करतो. त्याला कमी लेखणारा कुस्तीच कमी लेखतो.

म्हणून मागणी अशी की दलालीच्या नावाने ठणाणा करण्याऐवजी नियम करावेत. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दगडफेकीची गोटमार होते, तेव्हा प्रशासन डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स तयार ठेवते. आमदंगलीच्या हौद्याशेजारीही एक डॉक्टर बसावा. प्रत्येक पैलवानाजवळ कुस्त्यांची आणि दुखापतींची वही असावी, डोक्याला मार लागला तर पुढच्या गावची कुस्ती रद्द व्हावी आणि इनामातला वस्तादाचा वाटा जोड लावतानाच चारचौघांत सांगितला जावा.