व्हिडिओ अडकतो? आधी घरीच तपासा

शेजारच्या ताईंनी मुलीच्या बारावीसाठी जुना कॉम्प्युटर घेतला. शिकवणीचा व्हिडिओ लावला की नुसते चक्र फिरत राही. दुकानदार म्हणाला, "कार्ड बदला, दोन हजार लागतील." ताई उसने मागायला निघाल्या. म्हटले, थांबा, आधी दोष कोठे आहे ते पाहू.

वाचकहो, तुम्हीही याच क्रमाने पाहा. त्याच वायफायवर तोच व्हिडिओ मोबाईलमध्ये लावा. तेथेही अडकला तर दोष बहुधा इंटरनेटचा. यूट्यूबवर व्हिडिओखालच्या चाकाच्या खुणेतून क्वालिटी १०८० वरून ४८० करा. १०८० ला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वेग लागतो. ४८० ला सव्वा मेगाबिटही पुरतो.

मोबाईलवर नीट चालला तर कॉम्प्युटरकडे वळा. नको ते टॅब बंद करा, ब्राउझर अपडेट करा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. आवाज येतो पण चित्र काळे किंवा हिरवे, असे असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खालचे ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून पाहा.

एक सावधगिरी बाळगा. 'व्हिडिओसाठी फ्लॅश प्लेअर टाका' अशी चौकट आली तर तिच्यावर क्लिक करू नका. ॲडोबीने फ्लॅशला ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमची रजा दिली. आता त्या नावाने येते ती फसवणूक.

ताईंच्या कॉम्प्युटरवर वीसेक टॅब उघडे होते आणि ब्राउझर जुना होता. अर्ध्या तासात काम झाले, खर्च शून्य. मुलगी त्याच रात्री अभ्यासाला बसली.